कारण माहीत

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या धुळ्याच्या घरात माळा उतरवला जातो, आणि दरवर्षी त्यातून तोच एक पितळी कंदील निघतो. त्याची काच फुटलेली आहे, वातीची चावी फिरत नाही. तो कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, हे आज घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. आणि नेमक्या याच कारणाने तो टाकून देण्याचे धाडसही कोणाला होत नाही. कंदील पुसला जातो आणि पुन्हा माळ्यावर जातो.

गेल्या वर्षी हे चालले असताना माझी भाची पुण्याहून आली. ती संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. माझ्या आईने तिला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "तू तठे काय काम करस वं?"

"साफसफाई, आजी," भाची म्हणाली.

आईचा कंदील पुसणारा हात थांबला. "इतलं शिकीसन?"

सगळे हसले. पण रात्री चिवड्याचे ताट मध्ये घेऊन आम्ही दोघे ओट्यावर बसलो, तेव्हा तिने आपले काम मला सविस्तर समजावून सांगितले. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो म्हणून एका खाजगी संस्थेने मला मराठी शिकवायला घेतले. यंत्राच्या पोटातल्या गोष्टींशी माझा काय संबंध? तरी तिचे बोलणे मला लागले. का लागले ते सांगण्यासाठी आधी तिचे काम मला जसे समजले तसे सांगतो. जाणकारांनी चुकभूल पदरात घ्यावी.

प्रत्येक संगणकात एक मूळ कारभारी असतो; त्याला कर्नल म्हणतात. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी केव्हा, पडद्यावर कोण लिहिणार, हे सारे तो पाहतो. लिनक्स नावाचा असा एक कर्नल हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. आज त्याच्या दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे. रावेर-यावलचा केळीवाला बागाईतदार बांधावर उभा राहून फोनवर भाव पाहतो, तेव्हाही आत राबत असतो तो हाच कारभारी.

या ओळी माणसांना वाचता याव्यात अशा भाषेत लिहिलेल्या असतात. यंत्राला ती भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो. त्याचे नाव कंपायलर. लिनक्सचा दुभाषी पुष्कळ वर्षे एकच होता: रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी. आता दोन माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करू लागली की त्यांच्यात खुणांची एक खाजगी भाषा तयार होते. माझी आई नुसते "ते आण" म्हणते आणि माझी पत्नी नेमके तेच आणते. परक्याला ते कळणार नाही. कर्नलमध्येही अशा खुणा साठत गेल्या. एखाद्या लांबलचक मजकुराला एक छोटे नाव द्यायचे आणि जागोजागी तेवढे नाव लिहायचे, याला मॅक्रो म्हणतात. त्यातले कित्येक मॅक्रो केवळ या एका दुभाष्यासाठी होते: इथे घट्ट बांध, इथे फट ठेवू नकोस, इथे मला काही विचारू नकोस.

पुढे क्लँग नावाचा दुसरा दुभाषी आला. गेल्या दशकात अँड्रॉइड फोनांचे कर्नल त्याच्याकडून उतरवून घेण्यास सुरुवात झाली. झाले, खुणांचा गोंधळ उडाला. आमच्या खानदेशातही धुळ्याकडची अहिराणी आणि जळगाव-भुसावळकडची लेवा बोली यांच्यात एखादा शब्द असाच अडखळवतो. पण तिथे माणसे हसून सावरून घेतात, यंत्र सावरत नाही. तेव्हा कोणत्या दुभाष्याला कोणती खूण कशी सांगायची याच्या वेगवेगळ्या फाइली झाल्या. एक फाइल इंटेल कंपनीच्या दुभाष्यासाठीही होती. त्याच्याकडून कर्नल उतरवून घेणारे कोणी उरले नव्हते, तरी न येणाऱ्या पाहुण्याचा पाट मांडलेला असावा तशी ती फाइल राहिली होती. ती २०२३ मध्ये काढली. त्याआधी २०१८ मध्ये मिगेल ओजेदा यांनी विखुरलेल्या पुष्कळशा खुणा एका फाइलीत गोळा करून प्रत्येकीचा अर्थ कोठे सापडेल ते शेजारी नोंदवले. माझ्या भाचीची साफसफाई ती ही. आमच्या माळ्यासारखीच, फक्त कंदिलाऐवजी मॅक्रो.

इथपर्यंत मी कौतुकाने ऐकत होतो. मग तिने एका मॅक्रोची गोष्ट सांगितली.

गणितात आपण ज्याला चल म्हणतो तसे चल या लिखाणातही असतात. चल म्हणजे चिठ्ठी लावलेला डबा समजा. डब्यावर "साखर" अशी चिठ्ठी लावली, पण साखर भरायची राहून गेली, आणि घाईत कोणी त्यातला चमचा लाडवाच्या सारणात टाकला, तर काय पडेल? डब्यात आधी जे उरले असेल ते. मीठ असेल, धुण्याचा सोडा असेल. यंत्रात तर त्याहून वाईट: आधीच्या कामाचे जे काही त्या जागी उरले असेल ते, प्रसंगी कोणाचा तरी गुप्त परवलीचा शब्दसुद्धा. म्हणून दुभाषी उलथा करता करता इशारा देतो, की या डब्यात काही भरलेले दिसत नाही, आणि पुढे तो वापरला आहे.

हा इशारा तो कसा काढतो, याचेच एक मोठे शास्त्र आहे. कोणती किंमत कोणत्या वाटेने कोठवर पोचते याचा माग काढायचा. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर यांनी सहकाऱ्यांसह या विषयावर २००९ मध्ये एक इंग्रजी ग्रंथ लिहिला आहे. भाचीने त्यावरूनच अभ्यास केला. पण या शास्त्राला एक मर्यादा आहे आणि ती गणितानेच सिद्ध झालेली आहे: कितीही हुशार दुभाषी आणा, प्रत्येक वेळी त्याचा इशारा अचूक ठरेल असे होऊच शकत नाही. कधी कधी डबा भरलेला असतो; फक्त तो कोणत्या वाटेने भरला गेला हे त्याला दिसत नाही. तो आपला बापडा भीत भीत म्हणतो, "रिकामा असावा."

अशा खोट्या इशाऱ्यांना कंटाळून २००७ मध्ये कर्नलमध्ये एक मॅक्रो आला. इंग्रजीत त्याचे नाव "अनइनिशियलाइज्ड व्हार", म्हणजे किंमत न दिलेला चल. त्याच्या पोटातली युक्ती ऐकून मी थक्क झालो. तो लिहायचा: क्ष बरोबर क्ष. क्षची किंमत किती? क्षइतकी! एखाद्या मुलाला विचारावे, "तुझे नाव काय?" आणि त्याने उत्तर द्यावे, "माझे जे नाव आहे ते." पण जीसीसीचे तेवढ्याने समाधान होत असे. काहीतरी दिले ना? मग मी गप्प. (क्लँग एवढ्याने फसेना, म्हणून त्याच्यासाठी तीच गोष्ट थोडा वळसा घालून सांगावी लागे.) डब्यात एक कणही पडलेला नसे, फक्त विचारणाऱ्याचे तोंड बंद होई.

"पण मामा, लिहिणारा खोटं बोलत नव्हता," भाची म्हणाली. "त्याने सगळ्या वाटा तपासल्या होत्या. डबा खरंच भरलेला असायचा. तो एवढंच सांगायचा, की मी पाहिलंय, तू विचारू नको."

"मग बिघडले कुठे?"

"तीन वर्षांनी दुसरा कोणीतरी येतो आणि मधली एक वाट बदलतो. आता डबा रिकामा राहू शकतो. दुभाष्याला ते दिसतंही. पण तिथे लिहिलेलं असतं, विचारू नको."

मी चिवड्यातला शेंगदाणा उचललेला तसाच हातात धरून बसलो. कारण मला एक हजेरीपत्रक आठवले.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पारोळे तालुक्यातल्या एका गावी मी वर्गशिक्षक होतो. कोणती शाळा ते सांगण्यात अर्थ नाही. मूल सलग तीन दिवस आले नाही, की वर्गशिक्षकाने घरी जाऊन चौकशी करायची, असा आमचा शिरस्ता होता, आणि तो चांगला होता. कारकून शनिवारी हजेरीपत्रक चाळीत आणि ज्या नावापुढे तीन रेघा दिसतील ते नाव वर्गशिक्षकाला सांगत. एका मुलीच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात आधीच्या गुरुजींनी पेन्सिलीने दोन अक्षरे लिहिली होती: का. मा. म्हणजे, कारण माहीत. तिची आई बाळंतीण होती, लहान भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हते, म्हणून ती मधून मधून राही. गुरुजी स्वतः तिच्या घरी जाऊन आले होते, आईशी बोलले होते, आणि मगच त्यांनी ती अक्षरे लिहिली होती. त्या दिवशी त्यांचा शब्दन् शब्द खरा होता.

जूनमध्ये वर्ग माझ्याकडे आला. नवे हजेरीपत्रक मी घातले. माझे अक्षर चांगले आहे, त्याचा मला थोडा अभिमानही आहे. जुन्यावरून नावे उतरवताना शेरेही उतरवले. पेन्सिलीची अक्षरे मी शाईने लिहिली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा. बाळंतिणीचे मूल एव्हाना अंगणात धावत असेल. त्या मुलीने घरी राहण्याचे ते कारण केव्हाच संपलेले होते. शनिवारी कारकून तिच्या नावाशी थांबत, शेरा पाहत, आणि पुढे जात. मीही जाई. कार्तिकात कापसाच्या वेचणीला निम्मा वर्ग रिकामा होतो, तेव्हा ती दिसली नाही याचे काही वाटले नाही. पौषात दिसली नाही. नावापुढे रेघांची माळ लागली, आणि त्या माळेच्या टोकाला माझ्या सुबक अक्षरात लिहिलेले: का. मा.

माघात तिचे लग्न झाले. वय चौदा. मला फाल्गुनात कळले, तेही एका मुलाच्या तोंडून सहज. मी त्याला म्हटले, "तू आधी का सांगितले नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. कादंबरीतही घातली नाही, कारण कादंबरीत घालायला एखादा खलनायक लागतो, आणि इथे तो सापडत नव्हता. गुरुजींनी चौकशी केली होती. कारकुनांनी शिरस्ता पाळला होता. मी जसे पाहिले तसे उतरवले होते. आमच्या धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्मभर हिंडून जमवलेल्या रामदासी पोथ्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. १९२६ साली याच गावी देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाच्या संशोधन मंडळातही जुनी दप्तरे आहेत. जुन्या लेखनिकांची एक रीत होती: पोथी संपली, की शेवटी लिहायचे, जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. नम्रपणाची गोड ओळ म्हणून मी ती वर्गात मुलांना सांगत आलो. त्या फाल्गुनानंतर मला ती सांगता येईना. लेखनिकाने पोथीतला चुकलेला शब्द तसाच उतरवला तर पुढचा अभ्यासक त्याचे आभारच मानतो. पण हजेरीपत्रक म्हणजे पोथी नव्हे. "मी पाहिले आहे" हे वाक्य नक्कल करण्याजोगे वाक्यच नव्हे. ते उतरवणाऱ्याने काही पाहिलेलेच नसते.

तरी ही बाजू मी जितकी सोपी करून सांगतो तितकी ती नाही, आणि हे भाचीनेच मला दाखवले. २०२० साली केस कुक यांनी तो मॅक्रो कर्नलमधून समूळ काढला. त्यांचे म्हणणे, आज दोष नसला तरी उद्या होणारा दोष याच्याखाली झाकला जाईल. डबा रिकामा वाटत असेल तर त्यात सरळ काहीतरी भरा. ऑक्टोबरात निघालेल्या ५.९ या आवृत्तीत तो मॅक्रो उरला नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात खुद्द टोरवाल्ड्स यांनी काय करावे? जीसीसीचा "रिकामा असावा" हा इशाराच नेहमीच्या कामातून बंद करून टाकला! ज्याला हवा असेल त्याने मुद्दाम मागून घ्यावा. कारण जीसीसीची नवी आवृत्ती खोट्या इशाऱ्यांचा एवढा पाऊस पाडू लागली होती, की त्यात खरे इशारे वाहून जात होते. म्हणजे एका बाजूने तोंडावरची पट्टी काढली, आणि दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्यालाच खोलीबाहेर बसवले.

प्रथम मला याचा राग आला. मग आईची आठवण झाली. ती दिवसातून चाळीस वेळा "गॅस बंद कर" म्हणते. गॅस एकोणचाळीस वेळा बंदच असतो. चाळिसाव्या वेळी ती काय म्हणते हे घरात कोणाला ऐकू जात नाही. टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये अशीच आणखी एक खूण निकामी केली होती. अमुक काम जुने झाले, वापरू नका, असे ती दर वेळी बजावत राही. वर्षानुवर्षे सारे ते ऐकत आणि वापरत. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला बोलत ठेवणे हाही एक प्रकारे त्याचे तोंड बंद करण्याचाच मार्ग आहे, असे मला आता वाटते. पण मग आईला खोलीबाहेर बसवावे का? हे मात्र माझ्याने म्हणवत नाही.

आणि "डब्यात सरळ काहीतरी भरा" हा उपाय? भरायचे काय, तर बहुधा शून्य. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी भाचीला म्हटले, "गुणपत्रकात शून्य आणि गैरहजर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याने पेपर दिला आणि काही आले नाही त्याला शून्य. जो आलाच नाही त्याच्यापुढे गै. रकाना रिकामा दिसू नये म्हणून गैरहजर मुलापुढे शून्य मांडले, तर बेरीज बिनचूक येते, तपासनीस खूश होतो, आणि तो मुलगा कुठे आहे हे कधीच कोणी विचारीत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही लोक हेच म्हणतात. नुसता गप्प करायला शून्य घातलं, तर तेही एक झाकणच. पण मामा, निदान शून्य तरी पडेल. दुसऱ्याच्या डब्यातला सोडा नाही पडणार."

तिचे खरे होते. विषापेक्षा अळणी बरे. यंत्रापुरते हे मला मान्य आहे. मुलांच्या बाबतीत अजून मान्य होत नाही. त्या मुलीच्या नावापुढचा शेरा खोडून कोणी "शाळा सोडली" असे स्वच्छ लिहिले असते, तर पत्रक निर्मळ झाले असते, इतकेच.

मग मी तिला मला छळणारा प्रश्न विचारला. "या खुणा काढता, त्या लावणारा माणूस बहुधा आता तिथे नसतोच. त्याने त्या का लावल्या हे कळल्यावाचून काढता कशा? आमचा कंदील नाही आम्हाला टाकवत."

"काढण्याआधी वाचावं लागतं," ती म्हणाली. "एक ओळ कुणी, कधी, कशासाठी घातली, याची नोंद तिथे असते. ती काढून बघायची. मग सगळ्या वाटा स्वतः पुन्हा चालायच्या. दोन शब्द पुसायला कधी कधी दोन दिवस जातात. आणि शेवटी खाली आपलं नाव घालायचं. चुकलं तर लोक मला विचारतील, त्या जुन्या माणसाला नाही."

दोन शब्द पुसायला दोन दिवस. मी मनात हिशेब केला. त्या मुलीचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर होते.

त्यानंतर आजवर मी हजेरीपत्रकात शेऱ्याखाली तारीख घालतो. का. मा., ७ ऑगस्ट. हे मी त्या फाल्गुनानंतरच सुरू केले होते. हा काही भाचीचा उपदेश नव्हे. महिना उलटला की तो शेरा माझ्यापुरता मेला असे समजायचे आणि पुन्हा दार ठोठवायचे. सहकारी थोडे हसतात. आईबापांनाही ते दर वेळी आवडते असे नाही. "मास्तर, मागल्या महिन्यातच सांगितलं ना," असे तोंडावर ऐकावे लागते. पुष्कळदा कारण तेच निघते, आणि फेरी फुकट जाते. चाळिसातल्या एकोणचाळीस तरी.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसण्यापूर्वी भाचीने पिशवी खांद्याला लावता लावता विचारले, "मामा, ती मुलगी आता कुठे असते?"

"चोपड्याकडे दिली असे ऐकले होते," मी म्हणालो.

"ऐकलं होतं म्हणजे?"

मी काही बोललो नाही. गाडी गेल्यावर मी घरी आलो. माळा अजून खालीच पसरलेला होता. माझ्या कागदांच्या पेटीत जुन्या शाळेची एक वही आहे. तिच्यात त्या मुलीच्या भावाचा, त्याच अंगणात धावणाऱ्या पोराचा, नंतर कधीतरी लिहून घेतलेला फोन क्रमांक निघाला. तो आता जळगावला कामाला आहे. बहिणीला दोन मुले, आणि सासर चोपड्याला नव्हे, एरंडोलच्या पलीकडे एका खेड्यात, असे त्याने सांगितले. तिचा शाळेचा दाखला कोणी नेलाच नव्हता. शाळेत फोन केला. तो तिथेच कपाटात आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, हे तिला कोणी सांगितले आहे की नाही, हे त्या भावाला ठाऊक नव्हते. तिला बसायचे आहे की नाही, हेही मी इथे धुळ्यात बसून ठरवू शकत नाही.

जळगावची गाडी पारोळे-एरंडोलवरूनच जाते. सुट्टीचे अजून सहा दिवस शिल्लक होते. आईने विचारले, "कोठे चालला?" मी म्हणालो, एकाच्या घरी जाऊन येतो. तिने डब्यात चार करंज्या बांधून दिल्या, आणि दारातून ओरडून सांगितले, की निघण्याआधी गॅस बंद आहे का ते पाहा. मी आत जाऊन पाहिले.